उर्फ

रविवारची रात्र, अकरा वाजून दहा.
हॅलिफॅक्सच्या या गल्लीत जागे फक्त दोघे :
मी, आणि समोर चिप्सच्या दुकानात
फरशी पुसणारा मुलगा.
माझ्यामागे बाकावर उद्याचे दात मांडलेले –
अकरा क्राउन, एक ब्रिज,
टॉडमॉर्डनच्या मिसेस ॲकरॉइडची मेणातली कवळी.

'हॉलिस अँड सन'मध्ये
आता ना हॉलिस उरला, ना सन.
सन कधीचा पर्थला, घोड्यांचा डॉक्टर.
जेराल्डनं मागच्या महिन्यात किल्ल्या टेबलावर ठेवल्या,
म्हणाला, माझ्या नावाला आता पेन्शनीत काढ.

मग नवं नाव शोधणं आलं.
वडिलांचं आडनाव लावू, की नवऱ्याच्या वडिलांचं?
दोन्ही फोनवर सांगता सांगता
गिऱ्हाइकाचा चहा निवतो.
शेवटी गावाखालून वाहणाऱ्या ओढ्याचं घेतलं : हेबल.
वर्षाला बारा पौंड.
ओढ्याला विचारलं नाही.

कॉम्प्युटर म्हणाला, हे नाव तुमचंच, हे सिद्ध करा.
अक्षरांची एक लांबलचक माळ दिली,
अमुक ठिकाणी नेऊन चिकटवा, म्हणाला, आणि थांबा.
मी थांबले.
इतक्या अदबीनं मला कुणी पुरावा मागितला नव्हता.

ताटात तांदूळ पसरले होते,
त्यानं अंगठीनं त्यात 'सुरुची' लिहिलं
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी समोर बसलेले,
म्हणून माझं नाव मी पहिल्यांदा उलटं वाचलं.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खिचडी झाली.
छान झाली होती.

पडताळणी पूर्ण. 'मुख्य करा' असं निळं बटण.
दाबलं.
काही हललं नाही. फ्रीज तेवढा घुरघुरला.
मग एकेकाचं बारसं :
इम्तियाज, कासिया, दोन्ही डेव्हिड,
आणि डोरीन, जी उद्या सकाळी
फोन बिघडलाय म्हणून माझ्यावर ओरडणार आहे.

प्रत्येकापुढे एक छोटा चौकोन :
जुना पत्ता उर्फ म्हणून ठेवायचा का?

उर्फ.
हा शब्द मी आजवर चोरांच्या बातम्यांत वाचला,
आणि इथल्या अर्जांवर दुसऱ्या शब्दांत भेटला :
पूर्वी तुम्हाला आणखी कोणत्या नावानं ओळखत?
मी तिथे 'कुंजा' लिहिते. कारकून स्पेलिंग विचारतो.
लग्नानंतर पहिल्या दिवाळीत
सावंतवाडीहून मावशीनं कुंजाला पत्र टाकलं होतं.
बिल्डिंगच्या वॉचमननं परत पाठवलं,
वर लाल पेननं : या नावाचं इथे कोणी नाही.
खोटं तर नव्हतं लिहिलं त्यानं.
मावशीनं ते पत्र मला पुढे दाखवलं,
न फोडलेलं. आत काय होतं
ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सगळे चौकोन भरले.
जुन्या नावाची वर्गणीही भरली, एकदम दहा वर्षांची.
न भरली तर कुणीही उचलतं म्हणे ते,
आणि त्यावर जुगार नाहीतर केसांचं तेल विकतं.
जेराल्डच्या नावावर केसांचं तेल!
पूर्ण टक्कल आहे त्याला.

सगळ्या जगाला कळायला चोवीस तास लागू शकतात,
अशी खाली बारीक सूचना होती.
सासूबाईंना अकरा वर्षं लागली होती.

सकाळी सात चाळीसला पहिली मेल आली,
जुन्या पत्त्यावर. जेराल्डची.
नाव बदललंस ना? शाब्बास.
ॲकरॉइडबाईंचा खालचा डावा सुळा
जरा तिरका बसव. त्यांचा होता तसा.
सरळ केलास तर नवरा ओळखायचा नाही.

कवळी अजून मेणातच होती.
मी दिवा पेटवला,
सुरी गरम केली.