दातांनी ऐकणं

हिलमन, चोपन्न सालची.
घाटंजीच्या बंद पडलेल्या जिनिंगमधून
सरकीच्या भावानं उचलून आणली.
सीटच्या शिवणीतून अजून कापूस निघतो.
उभी असली की हीव भरल्यागत थरथरते,
आरशात मागचा रस्ता दोन-दोन दिसतो.
पळाली की गप्प.

मी शाळेत विज्ञान शिकवतो.
वहीत लिहिलं: पेट्रोलची वाफ होत असणार.
एप्रिल, चव्वेचाळीस. पंपावर ओलं फडकं टाकलं,
तीन मिनिटांत त्याचा पापड.
पण पहाटे पाचलाही ती तशीच थरथरली,
मोह टपटपत होता, अंगावर चादर लागत होती.
मी ओळ खोडली.

कार्बोरेटर उघडला.
वाटीत काळ्या मातीचा गाळ
आणि एक मुंगळा, कधीचा कोण जाणे,
अख्खा.
सगळं धुतलं. काही नाही.

मग झिंगराजी मेश्राम आले सायकलीवर,
मागे नात, तिच्या मांडीवर पान्ह्यांची थैली.
चाळीस वर्षं जिनच्या इंजिनाशेजारी काढली,
दोन्ही कान तिथंच राहिले.
मी वही पुढे केली.
त्यांनी ती मडगार्डवर पसरली आणि तिच्यावर नट ठेवले,
हरवू नयेत म्हणून.

आधी पॉइंट. खिशातून पोस्टकार्ड काढलं,
तेलानं पारदर्शक झालेलं, कोपरा झिजलेला.
"फट येवढी. कारडायेवढी."
मी वाकून वाचलं: पोरगी सुखरूप पोचली, इकडची
आणि पुढे नुसतं काळं.

मग चालू गाडीत एकेक वायर उपसायला लागले.
पहिली काढली, गाडी लंगडली. "जित्ता हाये."
दुसरी, लंगडली. चौथी, बंदच पडता पडता राहिली.
तिसरी काढली
आणि काहीच झालं नाही.
तीच थरथर, तितकीच.
काढली काय, ठेवली काय.
नातीनं तीन बोटं दाखवून मूठ मिटली.
मला उगाच वाईट वाटलं.

म्हातारा मान हलवत राहिला.
प्लग काढून बॉडीला टेकवला: निळी ठिणगी.
"जाळ हाये."
भोकावर अंगठा दाबला, पोरीनं हँडल मारलं,
अंगठा उडाला. "दम बी हाये.
मंग काऊन पेटत नाही लेकाचा?"

लांब पेचकस घेतला. टोक मॅनिफोल्डवर,
लाकडी मूठ दातांत.
डोळे मिटले.
दोन बोटं सरकले, थांबले, पुन्हा सरकले.
शेजारच्या गोठ्यात कोणी म्हशीला शिव्या देत होतं,
ते मला ऐकू येत होतं.
एका जागी त्यांची भुवई वर गेली.
"शिट्टी," ते म्हणाले, मूठ दातांतच ठेवून.

माझे कान शाबूत. मला शिट्टी नव्हती.

साबणाचं पाणी मागवलं. नातीनं चिंधी पिळली त्या जोडावर,
फेस आत ओढला गेला
आणि दोन श्वासांपुरती
हिलमन सुतासारखी चालली.
पुन्हा थरथर.
"चोरून हवा खाऊन रायली थे.
गासकेट फाटलं. तिसऱ्याले पेट्रोल पोचतच नाही,
निसत्या हवेवर कोन कामाले जाते?"

गासकेट तिथंच केलं.
शीट मॅनिफोल्डवर धरून हातोडीनं कडा ठोकत,
हळू, अंडं फोडल्यासारखं,
भोकं आपोआप कापून पडली.
पोरीनं ती गोळा केली, नाणी म्हणून.

संध्याकाळी चालू केली. आरशात एकच रस्ता.
तरी स्टिअरिंगवर बोट ठेवलं तर
किंचित काही तरी होतं. मी खूण केली.
"येवढं राहूनच जाते," ते म्हणाले. "मले बी हाये."
आणि हात पुढे धरला, खरंच होतं.

जाताना पेचकस माझ्याकडे दिला.
मी मूठ दातांत धरली.
त्यांच्या दातांचे वण होते लाकडात,
माझे त्यांत बसले नाहीत.
चव तेलाची, थोडी घामाची.
आधी नुसती कवटी घुमली.
मग त्या घुमण्याच्या पलीकडून,
शेतापल्याड कोणी सरपण फोडावं तसं,
एक, तीन,
चार, दोन.