चालक आला, वाहक नाही

चोडणच्या बांधावर, मानशीपासून वीस पावलांवर
कुळांच्या संघटनेची एक खोली.
तिथल्या दान मिळालेल्या मशीनमध्ये
मी नवं नेटवर्क कार्ड बसवलं,
तायवानचं, हिरवं, तळहाताएवढं.
मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर ओळी सरकल्या:
डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, घड्याळ सापडलं.
कार्डापाशी येऊन युनिक्स म्हणालं,
इथं काहीतरी आहे. ओळख नाही.

"ड्रायव्हर नाही," मी पुटपुटले.
दारात इनास मानशीकार, गुडघाभर चिखल घेऊन उभा.
"फेरीचो?" त्यानं विचारलं.

दोन हजार तीन साल. ड्रायव्हर मिळणार नेटवर,
आणि नेटवर जायला हवा ड्रायव्हर.
विहिरीत पडलेली घागर काढायची,
तर दोर त्याच घागरीला बांधलेला.

म्हणून फेरी. पलीकडे रायबंदरला
विश्राम केरकाराच्या दुकानात
फ्लॉपीवर उतरवून घेतली फाइल, एक्काहत्तर किलोबाइट.
चालत येणाऱ्याला फेरी फुकट;
माझ्या पर्समधल्या प्रवाशाचंही कुणी भाडं मागितलं नाही.

परत आले. रूट होऊन लॉगिन केलं, मॉड्यूल चढवायला सांगितलं.
कर्नलनं तो उंबऱ्यावरच अडवला:
तू दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेला.

पुन्हा फेरी.
विश्राम हसला. "तयार झगा बसत नसेल
तर कापड घेऊन जा गो, तिथंच शिव."
मग सोर्स नेला, आणि पंख्याच्या घरघरीत
कंपायलरला बसवलं शिवायला.
तीन इशारे दिले त्यानं. मी वाचले,
कळले नाहीत, पुढे गेले.

आणि कार्ड बोललं!
स्वतःचं बारा अक्षरी नाव सांगितलं.
मी त्याला पत्ता दिला, मास्क दिला, दाराची वाट दाखवली.
मग स्थिती विचारली.
पडद्यावर शांतपणे: नो कॅरियर.

चालक आला, वाहक नाही.
कदंब बसमध्ये असं झालं की
लोक उतरून टपरीवर चहा पितात.
मी उतरले बांधावर,
हायस्कूलकडे जाणाऱ्या निळ्या वायरीमागून चालत.
खारफुटीतून, खुब्यांच्या ढिगावरून,
मानशीच्या दगडी खांबापर्यंत.
तिथं वायर संपली होती.
पुढचे सात हात
इनासच्या जाळ्याच्या तोंडाला करकचून बांधलेले,
आणि ओहोटीचं सगळं पाणी
त्या निळ्या गाठीवर ओढ घेत होतं.

"म्हाका दोरी दिसली गो बाय," तो म्हणाला,
आणि चिखलातले पाय
एकमेकांवर घासू लागला.

रागवावं असं वाटलं. पण गाठ पाहिली.
मी इतकी घट्ट गाठ कधीच मारली नव्हती,
आणि ओहोटी सरेपर्यंत ती सुटणारही नव्हती.
बसून राहिलो दोघं. त्यानं विचारलं,
त्या पेटीत कोण बोलतं कोणाशी?
मी म्हटलं, शाळेतली पेटी ह्या पेटीशी.
"कितें?"
ते मात्र मलाही नीट सांगता आलं नाही.
भरतीच्या वेळा, कुळांच्या पावत्या, असं काहीतरी.

अंधार पडल्यावर जाळं वर आलं.
थोडी सुंगटं, एक काळुंदर, आणि सात हात वायर, खारट.
बॅटरीच्या उजेडात जोड दिला.
खोलीत कार्डाच्या पाठीवर
हिरवा दिवा लागला, काजव्याएवढा.
शाळेला हाक मारली; उत्तर आलं
तीन मिलिसेकंदांत.

मग कॉन्फिग फाइल उघडली.
सुरू होतानाच ड्रायव्हर चढव, एवढंच लिहायचं होतं. लिहिलं.
त्याच्यावर हॅश लावून आणखी एक ओळ,
जी मशीन वाचत नाही,
रोमी अक्षरांत, कारण इनासला तेवढीच येतात:
निळी वायर सोडू नये.
जाळ्याची दोरी कपाटात, खालच्या खणात.

शेवटच्या फेरीत
पिशवीतली सुंगटं अजून हलत होती.