गुरुवारी, वीज जायच्या आत

परळीचा घुगे जाताना लॅपटॉप ठेवून गेला.
तीन महिन्यांचे डबे थकलेले,
वर एकादशीची खिचडी, वेगळी लावलेली.
"पैसे फिटतील तेव्हा फिटतील, मावशी.
यात विंडोज नाही हां, लिनक्स आहे."
म्हटलं, खिडकी नसली तर नसू दे,
माझ्या स्वयंपाकघराला तरी कुठे आहे.

कर्वेनगरात गुरुवारी दहाला वीज जाते.
बॅटरी मेलेली, वायर निघाली की हा डोळे मिटतो.
वायफाय वरच्या मुलींचं,
त्याबदल्यात रविवारी वाटीभर श्रीखंड.
साडेआठला पोळ्या उरकल्या
आणि खांद्यावर हातपुसणं तसंच ठेवून
त्या काळ्या चौकटीपुढे मी
हिशेबाचा प्रोग्राम बसवायला बसले.

घुगे फोनवर, बंगळुरूहून.
"आधी सुडो लिही."
सोडा?
"सोडा नाही गं, सुडो.
म्हणजे, मालकीण म्हणून सांगतेय, असं."

मी थांबले.
गॅसचं पुस्तक ह्यांच्या नावावर.
खोली चौंध्यांच्या नावावर.
मेसच्या पाटीवर सासूबाईंचं नाव,
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
"लिहिलंस का?"
लिहिलं. एका बोटाने, चार अक्षरं.

पुढे प्रोग्रामचं नाव. त्यात एक अक्षर चुकलं.
असं काही सापडलं नाही, म्हणाला.
एवढंच. आवाज न चढवता.
उद्या या नाही, साहेब जेवायला गेलेत नाही.
मी पुन्हा लिहिलं.

मग त्याने पासवर्ड मागितला.
काय आहे रे?
घुगे गप्प. त्याच्याकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
"रागावू नको मावशी. सगळं जोडून लिही, इंग्रजी अक्षरांत.
आजपुन्हादुधी."

लिहायला लागले तर पडद्यावर काही उमटेना.
ना अक्षर, ना टिंब.
"ते दिसत नसतं. तू लिहीत राहा."
म्हणून अंधारातच दुधी लिहिला,
पुन्हा, आज.
पोटाला हलका असतो, असं मी सगळ्या पोरांना सांगत आले.
स्वस्त असतो.

आत घेतलं त्याने. आणि यादीच काढली.
एकाला बोलावलं होतं, येणार त्रेचाळीस,
सहकुटुंब सहपरिवार.
ह्याला तो लागतो, त्याला आणखी एक,
आणि त्या एकाचं तिसऱ्यावाचून पाऊल उचलत नाही.
एवढे कशाला रे?
"आमटीत तू काय काय घालतेस?"
मी गप्प बसले.

आणि हे सगळं फुकट?
"लोकांनी लिहून ठेवलंय. कुणीही न्यावं."
हे मला पटेना.
फुकट जेवून गेलेले मला चेहऱ्यानिशी आठवतात.
म्हणजे अन्नछत्रच की, म्हटलं.
"हो, पण इथे कृतीसुद्धा हातात देतात."
गोड्या मसाल्याची माझी कृती
मी सख्ख्या नणंदेला दिलेली नाही.

हो की नाही, त्याने विचारलं.
हो मोठ्या अक्षरात, नाही बारक्या,
जसं काही माझं उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं.
मी हो म्हटलं.

घुग्याची शिफ्ट सुरू झाली, त्याने फोन ठेवला.
नऊ बेचाळीस. चौसष्ट टक्के.
मी पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं,
तेवढीच वीज ह्याच्या वाट्याला जास्त येईल म्हणून.
तसं काही नसतं, मला कळतं.
तरी केलं.

संपलं तेव्हा शाबासकी नाही, काही नाही.
नुसता एक उभा दांडा लुकलुकत राहिला,
पुढे बोला म्हणत.

प्रोग्राम उघडला. कोरं पान.
पहिल्या ओळीत लिहिलं: घुगे, तीन महिने, येणे.
रकमेच्या चौकटीत गेले,
आणि तिथेच बोट अडलं.
मसाल्याचे डबे शेजारी उघडेच होते.
दहाला दोन कमी असताना वीज गेली.

रात्री भाजी दुधीचीच केली.
आणून ठेवलेला होता.