पलीकडे पाहा

बुरुलकान बाईंच्या हाताखाली मी दोन हिवाळे काढले,
मग त्यांनी ठाण्याच्या किल्ल्या दिल्या
आणि एक तंबी :
घोड्याची टाप आणि भूकंप यांत गल्लत करू नकोस,
घोडा थांबून थांबून चालतो.

आता ड्रम नाही, शाई नाही, सुई नाही.
आलायच्या दरीत, जमिनीखाली चार मीटर,
एक डबा कानोसा घेत बसलेला असतो
आणि ऐकलेलं सगळं ओशला कळवतो.
ओशचं दफ्तर वेगळं, बिश्केकचं वेगळं,
अल्माटीचं, दुशान्बेचं, पार जर्मनीतलं एक.
कुणी आपली फडताळं दुसऱ्याच्या घरी हलवलेली नाहीत.
फक्त कोणत्या फळीवर काय, याची यादी
सगळ्यांनी सगळ्यांना दिली आहे.
विचारायचं एका दारात,
उत्तर तिसऱ्याच दारातून येतं.

बाईंना हे समजावताना मी घामाघूम.
त्या घोडीचं दूध चामड्याच्या पिशवीत घुसळत होत्या.
म्हणाल्या, म्हणजे विरजण.
देणाऱ्याचं कमी होत नाही,
आणि आपलं नासलं तर
ज्याला दिलं होतं त्याच्याकडून परत आणता येतं.
सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात मला
एवढंच शिकवलं होतं.

फेब्रुवारीत स्कोपियेहून पत्र आलं.
ड्राग्ना त्रायकोव्स्का, विद्यार्थिनी;
तिच्या शहरात जुन्या स्टेशनावरचं घड्याळ
अजून पाच-सतरावर थांबलेलं आहे.
ती हिंदुकुशाखालचे जुने, खोल धक्के मोजते.
तुमच्या ठाण्याची, तिनं लिहिलं,
चौऱ्याऐंशीच्या जानेवारीतली अकरा मिनिटं सापडत नाहीत.
कारण कळेल का?

मी नोंदवही काढली.
बाईंचं तिरपं अक्षर :
शेगडी विझली. शाई गोठली.
पुढे काही नाही.
मूळ गुंडाळीवर बोट फिरवलं तर लागतो ओरखडा,
सुई फिरतच होती, कोरडी.
पण ओरखडा स्कॅनमध्ये येत नाही.

खिंडीपलीकडे, पामीरात, तेव्हा मिर्झोशो होता.
तेव्हा देश एक, कारखाना एक,
त्याच गठ्ठ्यातला कागद, त्याच खोक्यातल्या बाटल्या.
मग मध्ये सरहद्द आली, तार आली,
काही वर्षं गोळ्याही आल्या.
त्या फाटकातून किती दिवस
पिठाचं पोतं गेलं नाही की नवरी आली नाही.
मिर्झोशोच्या गुंडाळ्या मात्र
गेल्या वर्षी दुशान्बेच्या यादीत चढल्या.

म्हणून ड्राग्नाचा प्रश्न मी यादीला विचारला
आणि अकरा मिनिटं आली.
दोन सेकंद मागे, त्याचं घड्याळ नेहमीच मागे असायचं,
पण प्रत्येक शिखर जागच्या जागी,
काळंभोर, ठसठशीत.

त्याची शाई कशी गोठली नाही?
सोबत त्याच्या वहीच्या पानाचा फोटो होता.
तो मी बाईंकडे नेला.
त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं :
थंडी फार. शाईत स्पिरिट घातलं.

बाई हसल्या ते ठसका लागेपर्यंत.
स्पिरिट! अगं, आमचं स्पिरिट साहेब प्यायचे,
पहिल्या तारखेला आलेलं तिसऱ्या तारखेपर्यंत.
वर लिहायचे, उपकरणं पुसण्यात खर्च.

मग बराच वेळ पिशवी घुसळलीच नाही.
जिवंत आहे का गं तो?
मी म्हटलं, ते यादीत नसतं.

जुनी ओळ त्यांनी खोडू दिली नाही.
शेगडी विझली, शाई गोठली, ते खरंच होतं.
त्याखाली, चाळीस वर्षांनी, त्याच तिरप्या अक्षरात
त्यांनी लिहिलं : पलीकडे पाहा.
पेन दोनदा झटकावं लागलं.