कोपरानं पाणी बघायचं

वाल्पाराईसोच्या या टेकडीवर
एकशे त्रेसष्ट पायऱ्या चढून येतो मी, दर रविवारी.
खिशात कात्री, बारीक कानस,
जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा.
एलेउतेरिओ दार उघडतो. "आलास," म्हणतो.
अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर
एवढा एकच शब्द परत आलाय.

पाणी मीच तापवतो.
कोपर बुडवून बघतो, तान्ह्याच्या अंघोळीचं बघतात तसं,
कारण त्याच्या पायांना आता कळत नाही
गरम काय, गार काय.
साखरेनं पुसून टाकलंय आतलं सगळं,
पावसात भिजलेल्या पाकिटावरचा पत्ता जसा.

बत्तीस वर्षं टपाल वाटलं या पायांनी.
कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं, कुठली पायरी डुगडुगते,
त्यांना पाठ होतं.
मी खाली बाजारात बूट शिवायचो.
अख्ख्या टेकडीचे शिवले,
त्याचे सोडून.

पाच मिनिटं पुरे. मग टिपायचं,
चोळायचं नाही.
बोटांच्या एकेका बेचक्यात कापड घालायचं;
ओल राहिली की बुरशी धरते,
हे मला बुटांनी शिकवलं.
नखं सरळ कापायची. कोपरे कोरायला जायचं नाही.
कोपऱ्यात शिरलं की नख आत वाढतं, गपचूप, मांसात,
आणि नखभर जागेपायी माणूस लंगडत राहतो.

(आमचं भांडण
आईच्या चुलीमागच्या हातभर भिंतीचं होतं.)

अंगठ्याचं नख शिंगासारखं.
त्याला कात्री नको, कानसच, हळू.
तो तोवर बंदरातल्या क्रेनी मोजतो.
सात. परत सात.
टाचांना मलम. बेचक्यांत नाही.

शेवटी त्याचाच दाढीचा आरसा
तळव्याखाली धरतो.
मागच्या खेपेला त्यात दिसली टाचणी,
निळ्या डोक्याची, चवड्यात पार रुतलेली.
किती दिवस चालत होता तिच्यावर, देव जाणे.
"दुखलं नाही?"
"नाही," म्हणाला,
आणि घाबरून माझ्याकडे बघितलं,
लहानपणी खाडकन दिवा विझला की बघायचा तसं.

दवाखान्यातली नर्स ओर्फेलिना ओरडली. दोघांवर.
"बूट घालायच्या आधी आत हात घाला!
रोज! समजलं?"
दोघांनी माना खाली घातल्या.

माफीचं अजून काही निघालेलं नाही.
माफीसाठी पाय धरतात म्हणे.
मी तर दर आठवड्याला धरतो,
दोन्ही, मांडीवर घेऊन.
ओले असले की जड लागतात.

आज निघताना बूट सापडेना.
वळून बघतो तर
खुर्चीत बसल्या बसल्या माझा डावा बूट त्याच्या हातात,
मनगटापर्यंत हात आत घालून
तो खडा शोधत होता.