पेट

मिसेस हडस्पेथ घसरल्या त्या दिवशी बर्फ पडला नव्हता,
नुसतं आदल्या दिवशीचं पाणी फरशीवर काच होऊन बसलेलं.
ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी माझं मनगट धरलं
आणि मोडलेल्या खुब्याबद्दल चकार शब्द न काढता म्हणाल्या,
नॉर्मनला वारा लागू देऊ नकोस.

नॉर्मन म्हणजे पोपट. आफ्रिकेकडचा, राखेच्या रंगाचा,
शेपूट तेवढी लाल,
राखेत एखादा निखारा विझायचा राहून जावा तशी.
मी वरच्या खोलीतली भाडेकरू, संडरलंडात दुसरा हिवाळा.
तोवर आमची ओळख जिन्यातली:
मी दिसले की तो पाठ फिरवायचा.

हॉस्पिटलातून पाकिटाच्या पाठीवर सूचना आल्या.
पिंजरा खिडकीपासून लांब, पण हीटरला खेटून नको.
रात्री घोंगडी, तीनच बाजूंनी.
सुवासिक मेणबत्ती नको. रॉकेलची शेगडी तर नाहीच नाही.
आणि खाली दोनदा रेघ ओढून,
नॉनस्टिक भांडं फार तापलं की जो वास सुटतो
तो आपल्याला कळतही नाही,
त्याला पुरतो.

आईनं बॅगेत कोंबलेला डोशाचा तवा
मी टॉवेलात गुंडाळून कपाटावर टाकला.
धूर नको म्हणून तीन आठवडे वरणही बिनफोडणीचं.
आई फोनवर म्हणाली, एका पाखरासाठी?
मग जरा थांबून,
पिसं फुगवून बसतो का गं?
बसतो.
आमच्या कोंबड्या बसायच्या तशी? मग थंडी वाजतेय त्याला.

गॅसचा मीटर इथे पैसे भरू तेवढाच चालतो,
संपत आले की बीप करतो, तीनदा.
मंगळवारी रात्री दहाला बीप ऐकून
मी पायजम्यावर कोट चढवून कोपऱ्यावरच्या दुकानात धावले,
वीस पौंड भरून, गळतं नाक पुसत परत आले,
बघते तर आधीचेच अकरा शिल्लक.
पिंजऱ्यातून पुन्हा बीप. तीनदा. हुबेहूब.
पोपट होणं म्हणतात ते हे.
हसायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तोच हसला,
मिसेस हडस्पेथचं हसू, शेवटच्या खोकल्यासकट.

त्यांचं सगळं आहे त्याच्यापाशी.
किटलीची शिट्टी, गेलेल्या नवऱ्याची जांभई,
आणि तो एक शब्द, जो या गावात
बसवाला, पोस्टातली बाई, वॉर्डातली नर्स
कुणीही कुणालाही म्हणतं: पेट.
म्हणजे बाळा, म्हणजे राणी, म्हणजे खरं तर काहीच नाही.
पहिल्या वर्षी मी दर वेळी दचकायचे.
कोण मला पेटायला सांगतंय?

गुरुवारी पहाटे बॉयलर विझला.
बाहेर उणे सहा.
सगळ्यात लहान खोली त्यांच्या कपड्यांची, तिथे पिंजरा नेला,
दाराच्या फटीला चादर,
गरम पाण्याच्या पिशव्या मोज्यांत घालून सळ्यांबाहेर.
तरी तो फुगलेलाच. दार उघडलं तर
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातावर आला,
आणि त्यांच्या जुन्या स्वेटरच्या आत, माझ्या बरगडीशी,
काय तापलेलं होतं ते एवढंसं अंग!
कोण कुणाला ऊब देत होतं, ते पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

तासातासानं स्वयंपाकघरात जाऊन मी बटण दाबत होते.
टिक टिक टिक. काही नाही.
टिक टिक.
पेट ना रे, म्हटलं मी त्या डब्याला. पेट. पेट की.

स्वेटरच्या आतून कुणीतरी म्हणालं, पेट.

मी तशीच उभी राहिले.
मिसेस हडस्पेथचा ट घशातच गिळल्यासारखा असतो,
असून नसल्यासारखा.
हा टाळूला टेकून सुटलेला होता.
आमच्याकडचा.

साडेआठला प्लंबर आला.
आधी दार लाव, मी ओरडले, दार.