जुनं वायसर

पुंता आरेनासमध्ये वारा रविवारीही सुट्टी घेत नाही.
गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा
त्यानं दोनदा उडवून शेजारच्या कुंपणाला नेऊन चिकटवला.
तिसऱ्यांदा मी स्वतःच त्यावर आडवी झाले.

सुझुकी माझी, चार महिन्यांपासून.
त्याआधी ती फेर्मिनची होती,
आणि काही वर्षं मीही.
चावी देताना म्हणाला होता,
ऑइल मी वेळच्या वेळी बदलत आलोय, नेलिदा,
तेवढं तरी मान.
मी काही बोलले नव्हते. गाडी बोलेलच एक दिवस, म्हटलं.

खाली झोपलं की डावं उजवं उलटं होतं.
सतरा नंबरचा पाना लावून
मी पहिली पाच मिनिटं बूच आवळतच होते.
मग सुटलं, आणि गरम तेल
बाहीतून थेट कोपरापर्यंत.
बूच पडलं घमेल्यात. ते पडतंच म्हणे सगळ्यांचं.

फिल्टर ढिम्म.
ओल्या फडक्यानं धरून पाहिला, कोरड्यानं,
सँडपेपर गुंडाळून,
शेवटी आईच्या गावच्या भाषेत चार शिव्या घालून.
कुंपणापलीकडून दोन द्रागो ओरडले,
"जोर नको लावू पोरी, वजन लाव!"
त्यांनी चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली आहेत,
आणि जोर नि वजन यातला फरक
अजून कुणाला समजावून सांगितलेला नाही.
पण लटकले पान्याला. सुटला.

उजेडात धरला तर फिल्टरवर तारीख:
मार्करनं, दिवस, मग महिना रोमन आकड्यात.
याच मार्चची.
खरं बोलला होता मेला.
मला जरा वाईटच वाटलं.

नवा बसवला. हातानं, वर पाऊण फेरा,
बास. आवळताना लक्षात ठेवायचं
की सोडायला परत आपणच येणार.
चार लिटर ओतलं, मधाच्या रंगाचं,
शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळून मिळवलेलं.
किल्ली फिरवली.

मायते टॉर्च धरून उकिडवी बसली होती.
सात वर्षांची. तिनं शांतपणे सांगितलं,
"आई, गाडीला शू झाली."

बंद करेपर्यंत दोन लिटर तरी जमिनीवर.
चुलीच्या लाकडांचा भुसा आणून टाकला त्यावर पोतंभर.
पुन्हा खाली. फिल्टर काढला, बोट फिरवलं:
इंजिनाच्या तोंडाला जुनं रबरी वायसर
तसंच चिकटलेलं होतं.
काळं, चपटं, दिसतच नव्हतं.
नवं त्याच्यावर जाऊन बसलेलं. कसं धरणार?

नखानं उचकटलं. सहज आलं,
इतका वेळ कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

दुकानं बंद. दोन द्रागोंनी
आपल्या पिकअपसाठी ठेवलेला डबा दिला,
"उधार नाही, मोजून परत कर," म्हणाले,
आणि मोजायचं भांडं काही दिलं नाही.

या वेळी फिल्टर लावण्याआधी मीही तारीख टाकली.
महिना रोमन आकड्यात पडला.
माझी नव्हे ही सवय.
पुसायला गेले, तर मार्कर पत्र्यावरून निघत नाही,
आणि हात तेलाचे.
राहू दिला.

किल्ली. दहा सेकंद. वीस.
मायतेनं गाल जमिनीला टेकवून बघितलं,
"कोरडं," म्हणाली, थोडीशी हिरमुसून.

साखर आणि भांड्यांच्या साबणानं तीनदा हात धुतले.
रेघांमधलं काळं राहिलंच.
उद्या कणकेत दिसणार नाही, पण मला माहीत असेल.

मायतेनं ते वायसर पुसून मनगटात घातलंय.
काढायला तयार नाही.
बुधवारी तिचा बाप येईल न्यायला.
"बाबानं विचारलं, हे कुठलं, तर?"

गाडीतलं, म्हणावं.
निघत नव्हतं, म्हणावं.
नको, नुसतं गाडीतलं म्हण.